नाचत नाचत सिंफनीकडे: खर्च किती, आणि कुठला टाळायचा

मुलाला सिंफनीची गोडी लावायची आहे, तीही नाचातून, आणि त्यासाठी तुम्ही बॅलेच्या क्लासची तिमाही फी भरायला निघाला असाल, तर थांबा. पहिले दोन महिने या कामाला एक रुपयाही लागत नाही. शिवाय बॅलेचा क्लास म्हणजे वाद्यवृंदाची ओळख नव्हे. बॅलेच्या वर्गात परंपरेने पियानो वाजतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तर पियानोचं ध्वनिमुद्रणच लावतात. मूल तिथे पाठ, पाय आणि तोल घडवतं. व्हायोलिनं कुठे थांबली आणि ओबो कुठे सुरू झाला, हे तिथे कुणी विचारत नाही. बॅले शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, ती सुंदर विद्या आहे. पण कान तयार करण्यासाठी तिचे पैसे मोजू नका.

आधी शब्दाचा घोळ मिटवा. आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम समोर येतो. चौकशी करताना, इंटरनेटवर शोधताना आणि तिकीट काढताना 'सिंफनी' किंवा 'वेस्टर्न क्लासिकल' हेच शब्द वापरा, नाहीतर भलत्याच कार्यक्रमाचं तिकीट हातात पडेल.

पहिले दोन महिने: घर, सतरंजी, शून्य रुपये

वय तीन ते नऊ. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं पुरतात. वेळ संध्याकाळी पाच ते सात. रात्री जेवणानंतर नको, खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येते. जाड सतरंजी घाला. पाय अनवाणी हवेत, कारण मोज्यांनी फरशीवर मूल हमखास घसरतं.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नका. खालचे स्वर त्यातून येतच नाहीत. सॅं-सान्सच्या 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'मधला हत्ती डबल बास या सगळ्यात मोठ्या तंतुवाद्यावर चालतो. मोबाइलवर तो हत्ती ऐकूच येणार नाही आणि मूल कशावर झुलणार? टीव्हीवर लावा, खर्च शून्य. टीव्ही नसेल तर दीड-दोन हजारांचा ब्लूटूथ स्पीकर पुरे. त्याहून महागाची गरज नाही. फुकटच्या ॲपवर मध्येच जाहिरात येते आणि नाच मोडतो; म्हणून सुरुवातीला दोन-तीन मिनिटांचेच तुकडे निवडा, म्हणजे जाहिराती हटवण्यासाठी महिन्याची वर्गणी भरावी लागणार नाही.

पहिला तुकडा ग्रीगचा 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग'. अडीच मिनिटांच्या आसपास. अगदी हळू, दबक्या पावलांनी सुरू होतो, वेग आणि आवाज वाढत जातो, शेवटी नुसती धावपळ. मुलाला एकच सांगा: संगीत जसं चालेल तसं चाल. काही समजावून सांगू नका. तिसऱ्या वेळी मूल स्वतःच सुरुवातीला चवड्यांवर येतं.

दुसरा तुकडा योहान श्ट्राउस थोरल्यांचा 'राडेट्स्की मार्च'. यावर शाळेतली लेझीम चालते. लेझमीचे दोन-चार सोपे हात त्यावर बसवा. पावलं चुकत नाहीत, कारण ताल सरळ दोनाचा आहे. मग चायकोव्स्कीच्या 'नटक्रॅकर'मधला फुलांचा वॉल्ट्झ. वॉल्ट्झ तीनाचा. घरात तबला-पेटी असेल आणि मुलाने दादरा ऐकलेला असेल तर तीन-तीनाचा तो झोका त्याला आधीच ठाऊक आहे; नसेल तर हात धरून गिरक्या घ्या, शरीराला तीन आपोआप कळतात. आपल्याकडच्या मुलांना झिम्मा, फुगडी, टिपऱ्या येत असतील, तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. त्यासाठी पाश्चात्त्य पावलं वेगळी विकत घेण्याचं कारण नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून वाद्यांकडे वळा. यासाठी प्रोकोफिएव्हने १९३६ साली लिहिलेल्या 'पीटर अँड द वुल्फ'सारखी दुसरी सोय नाही. लांबी साधारण अर्धा तास, आणि प्रत्येक पात्राला एक वाद्य: पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बॅसून, लांडग्याला तीन हॉर्न, पीटरला तंतुवाद्यं, शिकाऱ्यांच्या बंदुकांना मोठे नगारे. घरातल्या प्रत्येकाला एक पात्र द्या. आपलं वाद्य वाजलं की उठून नाचायचं, थांबलं की बसायचं. आजीलाही घ्या, आजोबांचा बॅसून तिच्यासाठी राखून ठेवा. या एका खेळात मूल सात आवाज वेगळे करायला शिकतं. हे शिकवण्याचे पैसे कुणी मागितले तर ते किती, याच्याशी तुलना करा.

रॅव्हेलचा 'बोलेरो' शेवटी ठेवा. पंधरा मिनिटं, त्यात साइड ड्रमचा एकच ताल सुरुवातीपासून अखेरपर्यंत, आणि तीच चाल एकेक वाद्य उचलत जातं. नवीन वाद्य आलं की नाचाची नवी हालचाल, एवढाच नियम. पाच वर्षांखालच्या मुलाला पंधरा मिनिटं जास्त होतात. त्याच्यासाठी पहिली पाच मिनिटं पुरे.

क्लास लावायचाच असेल तर

तीन प्रकार बाजारात मिळतात. पहिला बॅले. दुसरा 'म्युझिक अँड मूव्हमेंट', लहान मुलांसाठी गाणी आणि हालचाली. तिसरा डालक्रोझ पद्धतीचा वर्ग, म्हणजे 'युरिदमिक्स'. यात ताल, स्वराची उंची, वाक्याची लांबी हे सगळं चालून, उडून, थांबून शिकवतात. तुम्हाला हवा तो हा तिसरा. मात्र तो दुर्मीळ आहे आणि नाव वापरायला कुणाला बंदी नाही. म्हणून शिक्षकाला थेट विचारा: डालक्रोझचं प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रमाणपत्र दाखवा. खरा शिक्षक आनंदाने दाखवतो.

फी भरण्याआधी एक तास बसून बघू द्या म्हणून सांगा. आत बसू देत नसतील तर निदान काचेतून दिसायला हवं; लहान मुलांच्या वर्गात याबाबत तडजोड करू नका. त्या तासात दोनच गोष्टी पाहा. संगीत थांबवून 'आता काय वाजलं?' असं शिक्षक विचारतात का? आणि पूर्ण वाद्यवृंदाचा एक तरी तुकडा लावतात का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तो व्यायामाचा वर्ग आहे. व्यायाम उत्तमच, पण त्याची किंमत वेगळी.

बॅलेच निवडलात तर परीक्षेची घाई नको. रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षांना किमान वय प्री-प्रायमरीला ५, प्रायमरीला ६ आणि पहिल्या ग्रेडला ७ वर्षं आहे. तुमचा हेतू संगीताची ओळख हा असेल तर यांपैकी एकही परीक्षा लागत नाही. परीक्षेच्या फीच्या मागून जादा तालमी, ठरावीक गणवेश आणि केंद्राचा खर्च येतो, तो आधी सांगत नाहीत. आणि पायाच्या बोटांवर उभं राहण्याचे टणक पॉइंट शूज सात-आठ वर्षांच्या मुलीला कुणी घ्यायला सांगितले, तर क्लास सोडा. ते अकरा-बारा वर्षांनंतर, कित्येक वर्षांच्या तयारीनंतर आणि पाय तपासून घ्यायचे असतात. त्याआधी मऊ चामड्याचे किंवा कापडी शूज पुरतात. मुलांचे पाय सहा महिन्यांत वाढतात, तेव्हा दोन जोड एकदम घेऊ नका.

जाहिरातीतली फी आणि खरी फी

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून आकडे मांडूनच बघू. समजा, क्लास सांगतो महिना ३,००० रुपये, आठवड्याला दोन तास. म्हणजे महिन्याला आठ तास, तासाला ३७५. आता वर्षाचा हिशेब करा. फी ३६,०००. नोंदणी शुल्क २,०००. या ३८,००० वर १८ टक्के जीएसटी ६,८४०. गणवेश आणि शूज २,५००. वार्षिक कार्यक्रमाचा पोशाख २,५००. त्याच कार्यक्रमाची घरच्या चौघांची तिकिटं, ४०० प्रमाणे १,६००. एकूण ५१,४४०. आणि तास? कागदावर ९६. दिवाळी, मे महिना, हॉलची दुरुस्ती आणि कार्यक्रमाआधीच्या गर्दीच्या तालमी वजा केल्या तर धरा ८०. तास पडला ६४३ रुपयांना. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या क्लासचे आकडे याच ओळींत घाला आणि मग होकार द्या.

स्वतःच्या मुलाचा नाच बघायला आईवडिलांनीच तिकीट काढायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. माझ्या भाचीच्या क्लासमध्ये ते तिकीट कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी कळलं, आणि चित्रफितीचे पैसे त्याहून वेगळे. तोवर पोशाख शिवून झालेला होता. माघार कोण घेणार? म्हणून प्रवेश घेतानाच विचारा: वार्षिक कार्यक्रम सक्तीचा आहे का? पोशाख भाड्याने की विकत? तिकीट कुणाला? चित्रफीत कितीला? स्वतः मोबाइलवर चित्रण करू देणार का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला नंतर काही किंमत उरत नाही.

जीएसटीची गोष्ट नीट समजून घ्या, इथे फसवणूक सहज होते. कला-संस्कृतीचं हौशी प्रशिक्षण एखादी व्यक्ती स्वतः देत असेल तर त्यावर जीएसटी नाही. संस्थेला मात्र १८ जुलै २०२२ पासून ही सूट उरलेली नाही. म्हणजे घरी शिकवणाऱ्या बाईंनी १८ टक्के मागितले तर ते चूक. संस्थेने मागितले तर पावतीवर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला २७ ने, गोव्यातला ३० ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे, तिथे क्रमांक टाकून नाव जुळतं का बघा. क्रमांक नाही, तर कर घेण्याचा अधिकारही नाही.

फी तिमाही किंवा वार्षिक मागतात, सवलतीचं आमिष दाखवून. पहिली तिमाही महिन्याच्या हिशेबानेच भरा, थोडी महाग पडली तरी. लहान मूल तिसऱ्या आठवड्यात 'नाही जायचं' म्हणू शकतं, आणि बुडालेली फी परत मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. आजारपणात चुकलेले तास भरून देतात का, हेही आधीच विचारा.

प्रत्यक्ष वाद्यवृंद: तिकीट काढण्याआधी

एक प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारा: संगीत प्रत्यक्ष वाजणार आहे की ध्वनिमुद्रित? परदेशातून येणाऱ्या बॅलेच्या जाहिरातीत चायकोव्स्कीचं नाव ठळक असतं, पण दौऱ्यावरच्या कंपन्या पुष्कळदा ध्वनिमुद्रणावर नाचतात. नाच बघायला तेही चालेल. मात्र साठ-सत्तर वादक एकत्र वाजवू लागले की छातीत जे जाणवतं, ते स्पीकरमधून येत नाही, आणि मुलाला नेण्याचं कारण तेच आहे. जाहिरातीत 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे मुख्य ठिकाण. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा २००६ साली सुरू झालेला वाद्यवृंद तिथलाच. त्यांचे दोन हंगाम असतात, एक सप्टेंबरच्या सुमारास, दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत. मोठे कार्यक्रम १,१०९ आसनांच्या जमशेद भाभा नाट्यगृहात होतात. एका कार्यक्रमासाठी सभासदत्व घेऊ नका. वर्षात चार-पाच वेळा जाणार असाल तरच तो हिशेब करा. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन ही १९९५ पासूनची संस्था मुलांसाठी पाश्चात्त्य संगीताचे उपक्रम करते. त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. पुण्यात पूना म्युझिक सोसायटीच्या मैफली होतात, बहुतेक छोट्या वादकसमूहांच्या. लहान मुलाला पहिल्यांदा न्यायला त्या खरं तर सोयीच्या. गोव्यात पणजीची कला अकादमी आणि वंचित मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवणारी चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन. मुलं मुलांना वाजवताना बघतात तेव्हा जी ओढ लागते, ती मोठ्या वाद्यवृंदानेही लागत नाही. ब्रिटनमध्ये राहत असाल तर बीबीसीचा 'टेन पीसेस' हा शाळकरी मुलांसाठीचा उपक्रम बघा. चित्रफिती आणि धड्यांचे आराखडे मोफत आहेत.

तिकिटाचं गणित: माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत-नृत्य कार्यक्रमाच्या तिकिटाला जीएसटी नाही. त्यापुढे १८ टक्के. म्हणजे दाखवलेल्या किमतीत कर धरलेला नसेल तर ६०० चं तिकीट ७०८ ला पडतं, आणि ५०० च्या तिकिटाशी फरक १०० चा नाही, २०८ चा होतो. चौघांचे ८३२. शिवाय ऑनलाइन बुकिंगचं सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावर वेगळा कर. शेवटच्या पानावर देणगीची खूण आधीच केलेली आहे का, ते पाहा आणि नको असेल तर काढा. शेवटच्या टप्प्यावर किंमत फुगवणं आणि न विचारता टोपलीत काही टाकणं, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसव्या क्लृप्त्या ठरतात. जवळ राहत असाल तर नाट्यगृहाच्या खिडकीवरून तिकीट घ्या, सुविधा शुल्क वाचतं का ते विचारा.

महागाचं तिकीट मुलासाठी चांगलं नसतं. पहिल्या रांगेतून फक्त पुढची व्हायोलिनं आणि वादकांचे बूट दिसतात. सज्जाच्या पुढच्या रांगेतून सगळा वाद्यवृंद पसरलेला दिसतो: मागचे नगारे, हॉर्न, मधला ओबो. पीटरचा लांडगा कुठे बसलाय, हे मुलाला वरूनच सापडेल. कडेची खुर्ची घ्या, बाहेर निघायला सोपी.

कार्यक्रम निवडताना तास-सव्वा तासाचा, निवेदक असलेला, सकाळचा किंवा दुपारचा असेल तर उत्तम. नेहमीच्या संध्याकाळच्या मैफलीत मध्यंतराआधी छोटे तुकडे आणि एखादा कॉन्चेर्टो, नंतर चाळीसेक मिनिटांची सिंफनी असा साचा असतो. माझी मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला शेवटपर्यंत बसवलं. मध्यंतराआधी तिचे पाय खुर्चीखाली ताल धरत होते, नंतर ती झोपली आणि पुढचे सहा महिने 'तिथे नको' म्हणत राहिली. आता मी सगळ्यांना सांगते, मध्यंतराला निघा. अर्धं तिकीट वाया गेलं असं वाटेल, पण मूल पुढच्या वेळी स्वतःहून येईल. आणि घरी ज्यावर नाचला आहात असा एक तरी तुकडा कार्यक्रमात हवाच. नसेल तर पंधरा दिवस आधी तो घरी सुरू करा.

वयोमर्यादा तिकिटाच्या पानावर बारीक अक्षरात असते. प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी. लहान मुलाला वेगळं तिकीट लागतं का, मांडीवर चालतं का, हेही तिथेच. दारावरून परत पाठवलं तर पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं

क्लासला: जन्मदाखल्याची प्रत, दोन फोटो, पालकाचा फोन क्रमांक. आधार मागितलं तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. सांधे, दमा, फिट असं काही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. अर्जात मुलाचे फोटो आणि चित्रफिती जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी आत घुसवलेली असते. ती ओळ वाचा, नको असेल तर खोडून सही करा आणि अर्जाचा फोटो काढून ठेवा. परीक्षेला: वयाचा पुरावा, अर्जावर नाव जन्मदाखल्यासारखंच. कार्यक्रमाला: बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र, मुलाच्या वयाचा पुरावा मोबाइलवर, विद्यार्थी सवलत असेल तर शाळेचं ओळखपत्र.

पैसे अडकले तर

आधी लेखी मागणी करा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५; मराठीतून बोलता येतं. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरची ती उत्तरं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. रोखीने पैसे दिले असतील आणि पावती घेतली नसेल तर आजच मागून घ्या.